गुरुवारची तार

अल्बनी, ऑकलंड
रविवार, ८ जून २००८

समीर,

आधी ‘चि.’ लिहिलं, मग खोडलं. मग ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं, कारण तसं मी तुला जन्मात कधी म्हटलेलं नाही आणि आता म्हटलं तर तूच म्हणशील, बाबांना काहीतरी झालंय. काही झालेलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत.

गेल्या सहा वर्षांत तू माझ्याशी फोनवर काय बोललास? ‘आईला द्या.’ संपलं. तुझी आई फोन घेऊन गॅरेजमध्ये जाते, अर्धा तास बोलते आणि बाहेर आल्यावर मी विचारलं की म्हणते, ‘काही नाही, बरा आहे.’ तिच्या हॉस्पिटलात पेशंटच्या लांबच्या नातेवाइकांनासुद्धा नर्सबाई याहून जास्त सांगत असतील. म्हणून हे पत्र. पत्र उघडून ‘आईला द्या’ असं म्हणता येत नाही.

आता कारण सांगतो. तुझ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं पत्रक अजून तुझ्या नावानं आपल्याकडेच येतं. विवेककाकाला अजून समजत नाही की पोरगा शाळेत होता तर कॉलेज कुठलं. इथं हायस्कुलालाच कॉलेज म्हणतात, हे त्याला दहा वेळा सांगून झालं. तर त्या पत्रकात मार्चमध्ये आलं होतं की कॉलेजच्या १९०८ च्या फुटबॉल संघाला यंदा शंभर वर्षं होताहेत, पुस्तिका काढायची आहे, जुनी हस्तलिखितं टाइप करायला कोणी येईल का. पेनरोजच्या फॅक्टरीनं मला आठवड्याला तीन दिवसांवर आणलंय. निम्मी मशिनं बंद, मग मेंटेनन्सवाल्यानं काय करायचं, पंखे पुसायचे? मी नाव देऊन टाकलं. कोल्हापूरचा माणूस फुटबॉल म्हटल्यावर गप्प बसेल का. तिथं गेल्यावर कळलं, त्या काळी इथं रग्बीलाच फुटबॉल म्हणायचे. म्हणजे पुन्हा ते तुमचं अंड्यासारख्या चेंडूचंच प्रकरण. पण एकदा हो म्हटलं होतं, आता पाय कसा मागं घ्यायचा.

तेव्हा मंगळवारी आणि गुरुवारी अल्बनीहून नव्या बसवेची बस धरून तुझ्या कॉलेजात जातो. लायब्ररीखाली एक खोली आहे, तिथं ग्रॅहम नावाचे एक म्हातारबुवा बसतात. वय चौऱ्याहत्तर, स्वतः तिथलेच माजी विद्यार्थी, इथल्या जूनच्या थंडीतही हाफ पँट. मला बघितलं की ‘किया ओरा, राजा’ म्हणतात आणि बिस्किटांचा डबा पुढं सरकवतात. राजाराम त्यांच्या तोंडात बसत नाही.

तीस ऑगस्टला, शनिवारी, कॉलेजात जेवण आहे. १९०८ साली त्यांनी पहिल्यांदा कप जिंकला म्हणून नंतर ज्या ज्या संघांनी जिंकला त्या सगळ्यांना बोलावलंय. तुमचा २००२ चा संघही आहे. तुझं नाव यादीत मी घातलेलं नाही, आधीच होतं. क्राइस्टचर्चहून विमानानं दीड तास लागतो. आलास तर एका टेबलावर बसू. मी काही विचारणार नाही, काही सांगणार नाही, जेवू फक्त. माझं मागणं एवढंच आहे.

तू माझ्याशी का बोलत नाहीस ते मला माहीत आहे, आणि नाहीही. दोन्ही खरं.

बाबा


रविवार, २९ जून २००८

समीर,

‘पत्र मिळालं म्हणाला,’ असं आई म्हणाली. वाचलं का, ते तिनं विचारलं नाही. विचारायला काय जात होतं कोण जाणे.

वाचत असशील असं धरून पुढं लिहितो. त्या १९०८ च्या पोरांत एक सेक्रेटरी होता. त्याची वही मी टाइप करतोय. अक्षर मुंग्यांची रांग, पण पोरगं बेरकी. सीझनमध्ये नऊ मॅचेस. पहिली ३-११ अशी हरले. हा लिहितो, ‘पहिल्या हाफमध्ये वारा त्यांच्या बाजूनं होता. दुसऱ्या हाफमध्ये वारा आमच्या बाजूला आला, पण तोवर आम्हीच आमच्या बाजूला राहिलो नव्हतो.’ दुसरी मॅच शून्य-शून्य. चिखल इतका की दोन्ही संघ एकाच रंगाचे झाले आणि रेफ्री शिट्टी मारण्याआधी नावं विचारत होता. वाचताना मी एकटाच हसत होतो, ग्रॅहमना वाटलं मला ठसका लागला.

मग तिसऱ्या मॅचपासून एक पोरगा येतो, वॉल्टर प्रिंगल. सतरा वर्षांचा, वायकॅटोतल्या कुठल्याशा शेतावरचा, कॉलेजच्या बोर्डिंगमध्ये राहणारा. फुलबॅक. तो आला आणि सलग सहा मॅचेस जिंकल्या. आठवी म्हणजे फायनल, २२ ऑगस्ट, ९-६. शेवटची किक प्रिंगलची. सेक्रेटरीनं त्या दिवशी दोन पानं भरलीत, कोणी किती सॉसेज खाल्ले तेही आहे.

आणि नंतर प्रिंगल गायब. सप्टेंबरात एक मैत्रीची मॅच झाली, त्यात तो नाही. संघाचा फोटो सप्टेंबरातच काढलाय, कॉलेजच्या मोठ्या जिन्याजवळ लावलाय तोच, तू पाच वर्षं त्याच्याखालून गेला असशील. त्यात पंधरा हवीत, चौदाच मुलं आहेत. मी तीन वेळा मोजली. ग्रॅहम म्हणाले, ‘साठ वर्षं बघतोय, पण मोजली कधीच नाहीत.’

हे वाचताना मला तात्यांची आठवण येते. ‘तात्यांचं नाव काढू नका,’ असं तू म्हणाला नाहीस कधी, पण मी काढत नाही. आज काढतो. तुझे आजोबा पेठेच्या संघाचे गोलकीपर होते, त्यांना फुटबॉलशिवाय दुसरा धर्म नव्हता. तू नऊ वर्षांचा होईपर्यंत स्टेडियमवर त्यांच्या खांद्यावर वाढलास. इकडे येऊन तू रग्बी धरलीस तेव्हा मला वाटलं, म्हातारा रुसणार. उलट दर रविवारी फोनवर स्कोर विचारायचे. ‘पुढं चेंडू टाकायचा न्हाई? मग पुढं जायचं कसं?’ तू त्यांना अर्धा तास समजावायचास आणि पुढच्या रविवारी त्यांचा पुन्हा तोच प्रश्न. मला अजून वाटतं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझा आवाज ऐकायला विचारत होते.

प्रिंगलचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

बाबा


रविवार, २० जुलै २००८

समीर,

तुझा मेसेज आईच्या मोबाइलवर आला. चार शब्द, ‘व्हॉट हॅपन्ड टू प्रिंगल?’ आईनं फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः भांडी घासायला गेली. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. सहा वर्षांनी मुलगा काही विचारतो आणि तेही शंभर वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या पोराबद्दल. असू दे. मला चालतंय.

तर ऐक. त्यांचा कोच आणि बोर्डिंगचा मास्तर एकच होता, मिस्टर कॉब. त्यांची डायरी एका पेटीत मिळाली. गुरुवार, २० ऑगस्ट १९०८: ‘प्रिंगलच्या वडिलांची तार आली, त्याच्या आईबद्दल. शनिवारच्या सामन्यानंतर देईन. मुलगा सध्या फार छान खेळतो आहे.’ शनिवारी: ‘जिंकलो. संध्याकाळी प्रिंगलला तार दिली.’ सोमवारी: ‘प्रिंगल पहिल्या गाडीनं घरी गेला.’ पुढं त्याचं नावच नाही. तो परत आलाच नाही.

ग्रॅहमनी ते वाचलं, बिस्किटाचा डबा बंद केला आणि म्हणाले, ‘हे पुस्तिकेत नको. आनंदाचा प्रसंग आहे. मास्तरचा निर्दयपणा कशाला छापायचा?’ माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, निर्दयपणा कसला? छापायलाच पाहिजे. मास्तरनं माया केली पोरावर. आई गेली ती गेली, दोन दिवस उशिरा कळल्यानं ती आणखी जाणार होती का? पोराचा सीझन वाचवला त्यानं. आम्ही दोघं म्हातारे त्या तळघरात तासभर भांडत होतो. त्यांना निर्दयपणा वाटतो म्हणून गाळायचंय, मला माया वाटते म्हणून घालायचंय. शेवटी ते म्हणाले, ‘राजा, मेट, ती तार त्याची होती.’ मी पिशवी उचलली. बस धरून घरी आलो.

हे कुठं चाललंय ते तुला कळलं असेलच. मलाही कळतंय, मी काही दुधखुळा नाही.

पण समीर, आपल्याकडे हे असंच करतात. मी इंटरला असताना माझी काकू वारली. ज्या काकूनं मला भरवलं, ती. शेवटचा पेपर होईपर्यंत तात्यांनी घरात कोणाला ब्र काढू दिला नाही. मी पेपर देऊन आलो, पेढे कुठं आहेत म्हणून विचारलं, तेव्हा तात्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. मी रडलो, चिडलो आणि आठ दिवसांनी कळलं की माझ्यासाठीच केलं. पहिल्या वर्गात पास झालो. मोठी माणसं असंच वागतात, असं मला वाटत होतं. हे मी तात्यांकडूनच शिकलो.

२८ ऑगस्ट २००२, बुधवार. विवेककाकाचा फोन आला, तात्या गेले. तू ट्रेनिंगला होतास. शनिवारी फायनल. तुला सांगितलं असतं तर तू बूट घातले नसतेस, मी ओळखतो तुला. तुझ्या आईला मी म्हणालो, शनिवारी संध्याकाळी सांगू. ती म्हणाली, ‘बघा बाई तुम्ही.’ मी कोल्हापूरला गेलो नाही. गेलो असतो तर तुला कळलंच असतं. मी थोरला, पण वडलांना अग्नी धाकट्यानं दिला. दोन दिवस फॅक्टरीत गेलो, घरी येऊन तुझ्यासमोर जेवलो, तू विचारलंस ‘बाबा, गप्प का?’ तर म्हणालो दाढ दुखतेय. आणि शनिवारी टचलाइनवर उभा राहून ओरडलो. बाप जाऊन तीन दिवस झालेला माणूस, तू चेंडू घेऊन त्यांच्या रेषेपार गेलास, त्या ट्रायला मी हातातली छत्री फेकली. एका बाईला लागली, मी तिची माफी मागितली.

तुम्ही पोरं पार्टीला गेलात आणि मी गॅरेजमध्ये मशीन घेऊन डोकं केलं. मिशी काढली. आरशात तात्याच दिसायला लागले. सात वाजता तू गळ्यात मेडल घालून गात गात आलास आणि माझ्याकडे बघितलंस. नऊ वर्षं कोल्हापुरात काढलेलं पोर, तुला सांगावं लागलं नाही. ‘कधी?’ एवढंच विचारलंस. मी म्हणालो, ‘बुधवारी. तू खेळावंस म्हणून...’ तू मेडल काढून चपलांच्या रॅकवर ठेवलंस आणि खोलीत गेलास. फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला निघून गेलास. आता तिथल्या रिकार्टनच्या घरात तू कुठल्या खिडकीतून बाहेर बघतोस तेही मला माहीत नाही.

मी काय वाईट केलं, ते मला खरंच सांग. भांडण म्हणून विचारत नाही. माझ्या बापाचं मी तोंड पाहिलं नाही, ते कोणासाठी? आणि तरी मीच गुन्हेगार. मला हे गणित सुटत नाही.

बाबा


शनिवार, ९ ऑगस्ट २००८

समीर,

आई म्हणाली, गेल्या खेपेला तू फोनवर तासभर बोललास. आणि म्हणाली, ‘विचारतोय की त्या तारेत नेमकं काय लिहिलं होतं.’

तार काही सापडली नाही. शंभर वर्षांचा कागद, कुठं राहणार. त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस.

इकडे सगळं ठीक. पंधरा दिवस पाऊस थांबलेला नाही, मागच्या खोलीत छतातून गळतंय, खाली बादली लावलीय. घरमालकाला तीनदा फोन केला, तो दर वेळी ‘स्वीट ॲज’, म्हणजे होऊन जाईल, म्हणतो आणि येत नाही. ग्रॅहमच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या पटेलांच्या मुलीचं लग्न ठरलं. मला थोडी सर्दी आहे.

जेवणाला कोट घालायचा की नाही ते विचारून ठेवलंय, घालायचा म्हणाले. तुमच्या संघातले अकरा जण येताहेत. तुझा तो सामोअन मित्र, प्रॉप खेळायचा तो, त्यानं ‘समीर येतोय का’ म्हणून कॉलेजला फोन करून विचारलं. आणि आई म्हणते, तू विमानाची तिकिटं बघतोयस. तिला मी दोनदा विचारलं, नक्की का? ती म्हणाली, ‘बघतोय म्हणाला, काढलं म्हणाला नाही.’ तरी मी मागच्या खोलीतली बादली हलवून ठेवली. तिथं तुझा पलंग लावता येईल, छत तेवढं दुरुस्त झालं पाहिजे.

ते १९०८ चं प्रकरण आता पुरे. ग्रॅहम म्हणतात तेच बरोबर असेल, नको छापायला. जुनी मढी कशाला उकरायची. ये. बाकी काही नाही.

बाबा


रविवार, १७ ऑगस्ट २००८

समीर,

तार सापडली होती. मागचं पत्र लिहिलं त्याच्या चार दिवस आधीच, मंगळवारी. मी तुला खोटं लिहिलं.

ती प्रिंगलच्या एका पत्राला टाचणीनं लावलेली होती. तारेत असं होतं: ‘आई अत्यवस्थ. तुझं नाव घेते. ताबडतोब ये.’ मेल्याची तार नव्हती ती. बाई जिवंत होती. आणि पत्र प्रिंगलनं शेतावरून मास्तर कॉबना लिहिलेलं, पाचच ओळींचं. ‘माझे बूट आणि पेटी पाठवून द्यावी. आई शुक्रवारी संध्याकाळी गेली. गुरुवारच्या गाडीनं निघालो असतो तर भेट झाली असती. मी आता शाळेत येणार नाही. कप मिळाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.’

मी ते टाइप करायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर हात थांबले. ग्रॅहमना म्हणालो, सर्दी आहे, आणि घरी आलो.

आता नीट लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा बादलीचं आणि छताचं सुरू करीन.

तात्या झोपेत गेले, असं मी तुला सांगितलं होतं. आईलाही तेच. ते झोपेत गेले नाहीत. मंगळवार, वीस ऑगस्टला त्यांना दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. नऊ दिवस तिथं होते आणि त्यातले सात दिवस चांगले शुद्धीवर होते, बोलत होते, डॉक्टरांशी वाद घालत होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विवेक रोज माझ्या फॅक्टरीच्या नंबरवर फोन करायचा. त्याला मीच सांगितलं होतं, घरी करू नकोस.

आईला हे मी गेल्या गुरुवारी सांगितलं. ती भाजी निवडत होती. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, तिनं एकच विचारलं, ‘बोलता येत होतं त्यांना?’ मी हो म्हणालो. ती उठली, गाडीची किल्ली घेतली आणि शिफ्टला तीन तास असताना निघून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगा. आणि तो येण्याच्या आधी सांगा.’ तेव्हापासून आमच्यात फक्त चहा, दूध, गॅस एवढंच बोलणं आहे.

काल फक्त एवढं तिनं सांगितलं की तू तिकीट काढलंस. म्हणजे मी हे आत्ता लिहिलं तर काय होईल ते मला कळतंय. तू येणार नाहीस. आणि नाही लिहिलं, तर तू येशील, माझ्या शेजारी बसशील, कदाचित ‘बाबा, भात घ्या’ असंही म्हणशील, आणि तो घास मला गिळता येणार नाही. दोन्हीकडून मीच हरतो. बारा दिवस मी हेच घोळवतोय. मग वाटलं, यात माझं काय होतं ते बघायचंच कशाला? ग्रॅहम म्हणाले तेच खरं. ही तार तुझी आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये राहायला नको.

मी ते का केलं, यालाही मी सहा वर्षं एकच उत्तर दिलं. तुझ्यासाठी. काकूचं उदाहरण, इंटरची परीक्षा, आपल्याकडची पद्धत. पण पद्धत गेलेल्या माणसाबद्दल असते रे. जिवंत माणसाला बोलू न देण्याची पद्धत कुठं आहे? तात्यांनी मला तसं कधी शिकवलं नाही. काकू अचानक गेली होती. ती आजारी असती तर तात्यांनी मला पेपर टाकून तिच्या उशाशी बसवलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी अर्धंच शिकलो आणि पूर्ण वापरलं.

खरं कारण लाजिरवाणं आहे. आठ वर्षं या देशात होतो आणि मला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. फॅक्टरीत ‘मेट’, दुकानात ‘सर’. त्या सीझनला टचलाइनवर इतर मुलांचे बाप मला ‘राजा’ म्हणायला लागले. ‘राजा, युअर बॉय इज ऑसम.’ थर्मासमधली कॉफी द्यायचे. मी त्यांच्यासाठी चिवडा न्यायचो, तो ते मुठी भरभरून खायचे. दर शनिवारी दीड तास मी कोणीतरी होतो. तात्या आजारी आहेत हे कळलं असतं तर तू पहिल्या विमानानं गेला असतास, तुझ्यामागून मीही गेलो असतो, आणि फायनल आपल्याशिवाय झाली असती. मला ती फायनल बघायची होती, समीर. तुझ्यासाठी नव्हे. मला बघायची होती.

शुक्रवारी फॅक्टरी सुटल्यावर मुद्दाम कॉलेजात जाऊन तार आणि ते पत्र पूर्ण टाइप करून ग्रॅहमना दिलं. त्यांनी वाचलं आणि छापायच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं. मी त्यांना का म्हणून विचारलं नाही.

आता राहिलं ते एकच. सोमवार, २६ ऑगस्ट २००२, संध्याकाळचे सात. तिकडे दुपारचे साडेबारा. विवेकला मी घरी फोन करू नकोस म्हटलं होतं, तरी त्यानं केला, कारण तात्यांनी त्याच्याकडे हट्ट धरला. त्यानं मोबाइल त्यांच्या कानाला लावला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. म्हणाले, ‘समीरला दे.’

मी म्हणालो, ‘तो ट्रेनिंगला गेलाय, तात्या. शनिवारी फायनल आहे. रविवारी देतो, मग पोटभर बोला.’

तू आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसला होतास, टोस्ट खात. टीव्हीवर कसलातरी विनोद झाला आणि तू हसलास. तुझं हसणं म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारं.

तात्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, ‘हसतोय की रं त्यो. दे की.’

मी म्हणालो, ‘लाइन खराब आहे तात्या, काही ऐकू येत नाही,’ आणि फोन ठेवला.

तू आतून विचारलंस, ‘कोण होतं, बाबा?’

मी म्हणालो, ‘राँग नंबर.’

बाबा